अमेरिका, युरोप आणि अंबड तालुका

सांस्कृतिक वैविध्य अमेरिकेत जास्त की युरोपात, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक पुरावा खिशात घालूनच फिरतात. युरोपवाला म्हणतो, आमच्याकडे रात्री आगगाडीत बसा, सकाळी उतराल तिथे भाषा बदललेली असते, पाव वेगळा, पिण्याचे पेय वेगळे, जेवणाची वेळसुद्धा वेगळी. युरोपीय संघाच्या 27 देशांत 24 भाषांना अधिकृत दर्जा आहे. उलट अमेरिकेत बॉस्टनहून निघून सॅन डिएगोला पोचा, तेच इंग्रजी, त्याच दुकानांच्या साखळ्या, तीच पिवळी स्कूलबस. यावर अमेरिकन माणूस न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागाकडे बोट दाखवतो. तिथल्या एकेका शाळेत डझनावारी भाषांची मुले शेजारी शेजारी बसतात. 2015 साली अमेरिकेच्या जनगणना खात्याने देशातल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषांची यादी दिली, तेव्हा ती साडेतीनशेच्या घरात गेली. दोघेही खरे बोलतात, म्हणूनच वाद मिटत नाही. एकजण जमीन मोजतो, दुसरा माणसे. जालना जिल्ह्यातल्या अंबडसारख्या ठिकाणाहून या वादाकडे पाहण्याचा फायदा असा की ही दोन्ही मापे इथे एकाच तालुक्यात लावून पाहता येतात, आणि दोन्ही कुठे तोकडी पडतात तेही चटकन कळते.

आधी मोजमापाचे पाहू. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1956 साली एक साधे गणित सुचवले: एखाद्या प्रदेशातली कोणतीही दोन माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर त्यांची मातृभाषा वेगळी निघण्याची शक्यता किती? अमेरिकेत आज सुमारे 22 टक्के लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात आणि त्यांतले बहुसंख्य स्पॅनिश बोलतात. म्हणजे ही शक्यता तीनात एकीच्या थोडी वर जाते. अख्खा युरोपीय संघ एक देश धरला तर सगळ्यात मोठी मातृभाषा जर्मन, तीही फार तर पाचव्या हिश्श्याची. तेव्हा दोन माणसे वेगळ्या भाषेची निघणे जवळपास ठरलेलेच. पण याच युरोपातला पोर्तुगाल एकटा घेतला, की आकडा शून्याकडे घसरतो. वादातली पहिली फसगत इथेच आहे. एका बाजूला देश आणि दुसऱ्या बाजूला खंड ठेवून तुलना चाललेली असते, आणि मग चौकट जितकी मोठी तितके वैविध्य मोठे हे उत्तर आपोआपच हाती येते. न्याय्य तुलना करायची तर युरोपासमोर भारत ठेवावा. 2011 च्या जनगणनेत हिंदी 43.6 टक्के आणि मराठी 6.9 टक्के. महाराष्ट्र हा एकटा आकाराने इटलीपेक्षा किंचित मोठा आणि लोकसंख्येने जवळजवळ दुप्पट. कोकणातला भात आणि मासळी, मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, नांदेड-लातूरकडचे ‘करायलो’ आणि वऱ्हाडातले ‘करून राहिलो’ यांतले अंतर युरोपातल्या दोन शेजारी प्रांतांतल्या अंतराहून कमी नाही. ते आपल्याला जाणवत नाही याचे कारण एवढेच, की आपल्या मध्ये परराष्ट्र खाते नाही.

युरोपातले हे मुलुखागणिक बदलणारे वैविध्य निसर्गाने दिले असे जे मानले जाते ते तर फारच अर्धवट आहे. 1794 साली आबे ग्रेग्वार यांनी फ्रान्सच्या क्रांतिकारी सभेपुढे अहवाल ठेवला, तेव्हा पावणेतीन कोटींच्या त्या देशात चोख फ्रेंच बोलणारे तीसेक लाखच होते. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, अल्सेशियन आणि गावोगावच्या बोली बोलत. 1861 साली इटली एक झाला तेव्हा इटालियन बोलणारे, कुणाचा अंदाज धरता त्यावर, शेकडा अडीच ते दहा. पुढे 1881-82 च्या ज्यूल फेरी यांच्या शाळा-कायद्यांनी, सक्तीच्या लष्करी नोकरीने, रेल्वेने आणि तालुक्याच्या कचेरीने फ्रेंच शेतकऱ्याला फ्रेंच माणूस बनवले. म्हणजे आज ज्या सरहद्दी ओलांडल्यावर संस्कृती बदलल्यासारखी वाटते, त्या सरहद्दींच्या आत आधी सरकारने इस्त्री फिरवलेली आहे. युरोपात देशादेशांतला फरक जो इतका ठसठशीत दिसतो, तो देशाच्या पोटातला फरक मारून कमावलेला आहे.

मराठवाड्याला हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. अंबड हा एकेकाळी होळकरांचा महसुली महाल. चहूकडे निजामाचा मुलूख आणि मध्ये इंदूरच्या धनगर घराण्याची सत्ता. बिस्मार्कच्या आधीच्या जर्मनीत जसे संस्थानांचे तुकडे एकमेकांत अडकलेले होते तसाच हा नकाशा. मत्स्योदरी देवीची टेकडी, खंडोबाचे देऊळ, पुष्करणी बारव यांच्याशी अहिल्याबाईंचे नाव जोडले जाते ते त्यामुळे. पुढे हा भाग हैदराबाद संस्थानात गेला. तिथे प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी, दरबार मात्र उर्दूचा. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमसुद्धा उर्दू. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले, 1956 मध्ये त्याचे भाषेवार तीन भाग झाले, मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबईत गेले आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. जालना जिल्हा तर 1 मे 1981 चा. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. साठ-सत्तर वर्षांत इथेही इस्त्री फिरली. तरी सुरकुत्या उरल्याच. महाराष्ट्र एक असला तरी कुळांच्या हक्कांसाठी आजही तीन कायदे चालतात: पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा, विदर्भाला 1958 चा आणि मराठवाड्याला 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. अंबडच्या तहसिलात जमिनीचा वाद निघाला की वकील 1954 चे खासरा पत्रक मागतो. साताऱ्याच्या शेतकऱ्याला ते काय असते हे ठाऊकही नसते. सातबारा एक, पण त्याच्या मागची वंशावळ निराळी. युरोपवाल्यांना अभिप्रेत असलेले वैविध्य हेच: मुलूख बदलला की कायदा, कागद, बोली आणि भाकरी बदलते.

अमेरिकेचे प्रकरण वेगळे. तिथेही मुळात मुलुखी फरक होते. डेव्हिड हॅकेट फिशर यांनी 1989 साली दाखवले, की इंग्लंड-स्कॉटलंडच्या चार वेगवेगळ्या भागांतून आलेल्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या चार भागांत चार तऱ्हेच्या चालीरीती रुजवल्या. कॉलिन वुडार्ड यांनी 2011 साली उत्तर अमेरिकेची अकरा ‘राष्ट्रे’ पाडली. दक्षिणेतला बाप्टिस्ट शेतकरी आणि व्हरमाँटचा रहिवासी यांच्यात मतदानापासून बंदुकीपर्यंत केवढा फरक पडतो, हे दर चार वर्षांनी जगाला दिसते. पण अमेरिका ज्याचा अभिमान मिरवते ते वैविध्य बाहेरून आलेल्यांचे. इस्रायल झँगविल यांच्या 1908 च्या नाटकाने सगळ्यांना वितळवणाऱ्या मुशीची कल्पना लोकप्रिय केली, 1915 साली होरेस कॅलन यांनी तिला हरकत घेतली, आणि 1963 साली ग्लेझर व मॉयनिहान यांनी न्यूयॉर्क पाहून निकाल दिला की मूस फारशी पेटलेलीच नाही. तो निकाल निम्माच टिकला. गट टिकतात, नावे टिकतात, मिरवणुका निघतात. भाषा मात्र बहुधा तिसऱ्या पिढीत जाते. आजी इटालियन बोलते, आईला समजते, नातवाला पास्त्याची नावे तेवढी येतात. हर्बर्ट गॅन्स यांनी 1979 साली याला प्रतीकापुरती उरलेली ओळख म्हटले. आपल्या मंडळींचेही तेच होण्याची लक्षणे आहेत. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून उभे आहे, गावोगावी रविवारच्या मराठी शाळा चालतात, गणपतीत ढोल वाजतो, आणि मुले आपसात इंग्रजीत बोलतात. अमेरिका कुणाचा सण बंद पाडत नाही. ती त्याला शनिवार-रविवारी ढकलते.

आता हीच माणसे मोजण्याची रीत अंबडच्या बाजारात लावून पाहा. बंजारा तांड्यावरून आलेली म्हातारी, अंगात आरशांची कांचळी, हातात कोपरापर्यंत बलोये, मणियाराच्या दुकानात नातीसाठी बांगड्या पाहते. मणियाराशी घासाघीस मराठीत, नातीला दटावणे गोरमाटीत. मणियार आतल्या पोराला माल काढायला सांगतो तो दखनीत. पलीकडच्या कापडाच्या पेढीवर मारवाडी चालते, आणि बाहेर चाळणी-विळे मांडून बसलेल्या कुटुंबाची भाषा यांतली कुठलीच नसते. मराठवाड्यात कैकाडी बोलतात ती तमिळच्या कुळातली, वडार बोलतात ती तेलुगूच्या, पारध्यांची गुजरातीच्या जवळची. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातले मजूर आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने ऊस आला, उसाबरोबर साखर कारखाना आला आणि कारखान्याबरोबर तोडणीच्या टोळ्या आल्या. म्हणजे क्वीन्सचा माणूस ज्याची फुशारकी मारतो ते सगळे इथे आहे, आणि त्यातले पुष्कळसे तीन पिढ्या नव्हे, कितीतरी पिढ्या टिकलेले आहे. पण कागदावर शोधायला जा, ते दिसत नाही. जनगणनेत लमाणी, म्हणजेच गोरमाटी, ही मातृभाषा हिंदीच्या पोटात टाकतात. 2011 मध्ये देशभरात 32 लाखांवर लोकांनी ती नोंदवली आणि ते सगळे हिंदी भाषक ठरले. दखनी उर्दूत जाते. आपली गणती फ्रान्ससारखी फरक विचारायचेच नाकारत नाही. ती विचारते, लिहून घेते आणि मग बेरीज करताना गिळून टाकते.

इथपर्यंत हिशेब अंबडच्या बाजूने झुकलेला दिसतो, आणि इथेच बहुतेक लेखक ‘विविधतेत एकता’ म्हणून उठून जातात. मुलूख आणि माणसे दोन्ही मापांत आपण पुढे, एवढ्यावर थांबणे सोपे आहे. पण फरक किती आहेत यापेक्षा तो प्रत्येक फरक कशाच्या जोरावर टिकला हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण अमेरिका आणि युरोप यांच्या तुलनेतून शिकण्यासारखे जे आहे ते त्यातच आहे. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली 1985 पासून ‘पीपल ऑफ इंडिया’ हा प्रचंड उपक्रम केला आणि 4,635 समाज नोंदवले. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला. त्याच कामातला दुसरा निष्कर्ष मात्र कुणी फारसा उचलला नाही: एका प्रदेशातले निरनिराळे समाज आपसात जितके मिळतेजुळते आहेत तितके ते दूरच्या आपल्याच जातभाईंशी नाहीत. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात हेच लग्नाच्या नियमांतून दाखवले होते. उत्तरेत आतेमामे भावंडांचे लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचेसुद्धा चालते, आणि महाराष्ट्र मधोमध: मामाची मुलगी चालते, भाची चालत नाही. मराठ्यांत चालते, कितीतरी बलुतेदार जातींत चालते, देशस्थ ब्राह्मणांतही चालते. कोकणस्थांत चालत नसे. म्हणजे लग्न कसे करायचे हे पुष्कळसे मुलुखाने शिकवले. कुणाशी करायचे हे मात्र जातीने बांधून ठेवले.

हा फरक मोलाचा आहे. क्लाउस डेस्मेट, इग्नासिओ ओर्तुन्यो-ओर्तिन आणि रोमेन वाक्झियार्ग यांनी 2017 साली जगभरच्या मूल्य-सर्वेक्षणांची उत्तरे तपासली. माणसामाणसांतल्या मतांच्या फरकाचा अगदी थोडा हिस्सा वांशिक गटामुळे पडतो, बाकी सगळा गटाच्या आतच असतो, असे त्यांना आढळले. अंबडच्या एखाद्या गावातला माळी, मराठा आणि धनगर घ्या: तीच भाकरी, तोच ठेचा, तीच बोली, पोळ्याला तोच बैल, चंपाषष्ठीला तोच खंडोबा. आणि खंडोबाचे उदाहरण तर गमतीचे आहे. या देवाची पहिली बायको म्हाळसा वाण्यांची, दुसरी बाणाई धनगराची. लोकपरंपरेत शिंपीण रंभाई, माळीण फुलाई आणि मुसलमान जिला आपली मानतात ती चंदाईही त्याच्या घरात आहे. देवाने इतक्या वेशी ओलांडल्या. भक्तांची सोयरीक मात्र जातीच्या वेशीआतच जुळते. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या फेरीत आंतरजातीय लग्नांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास निघाले. शेजारी अमेरिकेचा आकडा ठेवा. तिथे 1967 पर्यंत कित्येक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्न गुन्हा होता. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात ते कायदे रद्द केले. तेव्हा नवविवाहितांत वंशाबाहेर लग्न केलेले शेकडा 3 होते, 2015 मध्ये 17. सतराही फार नव्हेत, आणि काळ्या माणसाच्या वाट्याला तिथे अजून काय येते ते सर्वश्रुत आहे. पण दिशा उघड आहे.

युरोपात जातीसारखे काही नव्हतेच असे समजणाऱ्यांनी हॉलंड पाहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि समाजवादी असे उभे खांब होते. प्रत्येकाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळे, कामगार संघटना वेगळी, रेडिओ केंद्र वेगळे, फुटबॉलचा क्लब वेगळा. 1954 साली कॅथलिक बिशपांनी पत्रक काढून आपल्या लोकांना समाजवाद्यांच्या संघटनेत जाण्यास आणि त्यांचा रेडिओ ऐकण्यास मनाई केली होती. हे वैविध्यच होते, आणि आजच्या मोजमापाने फार वरच्या क्रमांकाचे भरले असते. 1960 च्या दशकात, दूरचित्रवाणी आणि सुबत्ता आल्यावर, ते एका पिढीत ढासळले. मागे रडणारे फारसे कुणी उरले नाही. हॉलंड त्यामुळे गरीब झाला असे कुणी म्हणत नाही. वैविध्याच्या नावाखाली आपण पुष्कळदा नुसत्या भिंती मोजत असतो.

यावर एक रास्त हरकत येईल. भिंती पाडल्या तर भिंतीआडचे जे होते तेही जाणार. बंजारा तांड्याबाहेर सोयरिकी करू लागला तर गोरमाटी कोण बोलणार, दिवाळीला घरोघर दिवा घेऊन ‘मेरा’ मागणाऱ्या पोरी कुठून येणार? अमेरिकेत भाषा तिसऱ्या पिढीत गेली ती अशाच सरमिसळीने, असेही म्हणता येईल. पण तांड्याकडेच पाहा. तिथे लग्ने आजही जवळजवळ सगळी समाजातच होतात आणि तरी शहरात वाढलेली पोरे आजीच्या गोरमाटीला मराठीत उत्तर देतात. भिंत शाबूत असताना भाषा चालली आहे. कारण तिला शाळेत जागा नाही, कचेरीत नाही, जनगणनेच्या तक्त्यातही स्वतःची ओळ नाही. ब्रेतों भाषा फ्रेंच शाळेने मारली, लग्नांनी नव्हे. वेल्श जगली ती सरकारी शाळेत आणि रेडिओवर आल्यामुळे, वेल्श माणसाने इंग्रज बायको करायचे सोडले म्हणून नव्हे. सोयरीक बांधून ठेवल्याने जात टिकते. भाषा, गाणी आणि सण टिकायला शाळा, छापखाना आणि मान लागतो.

दुसरी हरकत जास्त जड आहे आणि ती अमेरिकेतूनच आली. रॉबर्ट पुटनम यांनी 2007 साली मांडले की वस्ती जितकी सरमिसळ, तितका शेजाऱ्यांवरचा विश्वास निदान सुरुवातीला कमी. माणसे कासवासारखी अंग आत ओढून घेतात. त्याआधी 2004 साली अल्बर्टो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर यांनी दाखवले होते की अमेरिकेत सरकारी कल्याण-खर्च युरोपपेक्षा जो कमी आहे, त्यातल्या जवळपास निम्म्या फरकाचे कारण वंशवैविध्य: आपला पैसा ‘त्यांच्या’कडे जाईल या भीतीने लोक हात आखडतात. मग वैविध्य हा बोजाच नव्हे का? अंबड तालुका या प्रश्नाला नेमके उत्तर देतो, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातला वाटणीचा सगळ्यात मोठा झगडा इथेच उभा राहिला. अंतरवाली सराटीत ऑगस्ट 2023 च्या अखेरीस मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि 1 सप्टेंबरच्या लाठीमारानंतर ते राज्यभर पेटले. जून 2024 मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. दोन मांडव, हाकेच्या अंतरावरची दोन गावे. पण या दोन मांडवांतल्या माणसांत सांस्कृतिक अंतर किती? वर म्हटले तेच: भाकरी, बोली, देव, मामाची मुलगी, सगळे एक. पुटनम यांच्या सूत्राने इथे विश्वास भरपूर असायला हवा होता. तो ओसरला तो संस्कृती वेगळी असल्याने नव्हे. कोरडवाहू जमिनीचे तुकडे झाले, पावसाने दगा दिला, नोकऱ्या मोजक्या आणि त्यांचे दार जातीच्या दाखल्यातून उघडते, म्हणून. अलेसिना-ग्लेझर यांचे म्हणणे मला पटते ते इतकेच की वाटणीची रांग गटांनुसार लावली, की गट कठीण होतात. गटांत मुळात काही फरक असलाच पाहिजे असे नाही.

आणि हे गट कोण लावते? 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला. म्हणजे निजामाच्या कारकुनाने तेव्हा कोणत्या रकान्यात काय लिहिले, त्यावर आजच्या पोराचा प्रवेश ठरणार. मग त्याच गॅझेटचा हवाला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीचा हक्क मागितला, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. तेलंगणात बंजारा अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. 1956 पर्यंत या तिन्हींतले पुष्कळ जण एकाच हैदराबाद राज्यात होते, एकच बोली बोलत होते आणि सेवालाल महाराजांनाच मानत होते. सरहद्द आखली आणि एका समाजाचे तीन प्रकार झाले. यात हसण्यासारखे आहे असे अमेरिकेला वाटत असेल तर तिने आपले दप्तर उघडावे: 1920 ते 1940 च्या तिथल्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश होता, 1970 मध्ये भारतीय माणूस गोऱ्यांत मोजला गेला, 1980 पासून तो आशियाई झाला, आणि 2024 मध्ये पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या लोकांसाठी नवा रकाना निघाला. तितक्या वर्षांत त्या माणसांच्या स्वयंपाकघरात काही बदलले नव्हते. फ्रान्स वंश विचारतच नाही आणि त्यामुळे भेदभाव मोजायचे साधनही गमावून बसतो. रकाना नसावा असे म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही. रकान्याला संस्कृती समजू नये, एवढेच म्हणणे आहे.

तेव्हा मूळ वादाचा निकाल असा. मुलूख मोजायचा तर युरोप पुढे आहे, पण त्या वैविध्याची किंमत त्याने देशांतर्गत बोली मारून दिली. गल्ली मोजायची तर अमेरिका पुढे, पण तिथला फरक भाषेच्या बाबतीत अल्पायुषी. जमेची बाजू ही की तो हळूहळू माणसाच्या इच्छेवर येऊ लागला आहे. दोन्ही मापांत अंबड तालुका कुणाला हार जाणार नाही. मात्र आपले वैविध्य बहुतांशी जन्माने नेमून दिलेले आहे, आणि ते टिकवण्याचे काम आपण शाळेवर न सोपवता सोयरिकीवर सोपवले. ज्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा, ती गोरमाटी, ती दखनी, ती कैकाडी, कागदावरून पुसली जाते. ज्या गोष्टीची लाज वाटावी तिचा दाखला मात्र तहसिलात रांग लावून मिळतो.

1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे आणि सगळी चर्चा त्या एका रकान्याभोवती फिरते आहे. मातृभाषेचा रकाना कुणाच्या खिजगणतीत नाही. मागच्या जनगणनांत मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही लिहून घेत असत, तेव्हा मराठी सांगायची राहील ही भीती नको. प्रगणक दारात आला की घरात जी बोलली जाते तीच सांगा, गोरमाटी, दखनी, कैकाडी, वडारी, जी असेल ती, आणि त्याने तेच लिहिले का, हे पाहूनच त्याला जाऊ द्या.